आरामखुर्ची आणि आप्तवचन : रेक्स स्टाउटची नीरो वुल्फमाला

रहस्यकथेला आपल्या टीकाविचाराने आजवर ओसरीवरच बसवून ठेवले आहे. तिला कोणी हाकलून देत नाही, पण आत या असेही म्हणत नाही. या वागणुकीमागे एक युक्तिवाद आहे, आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. रहस्यकथा म्हणजे कोडे. कोडे सुटले की त्याचे काम संपले. आणि जिचे काम एका वाचनात संपते ती खऱ्या अर्थाने कलाकृतीच नव्हे. कवितेकडे आपण पुनःपुन्हा जातो, कारण ती कळली म्हणून संपत नाही. खुनी कोण हे कळून चुकलेल्या पुस्तकाकडे पुन्हा कोण जाईल?

हा युक्तिवाद एका वस्तुस्थितीपाशी मात्र अडखळतो. रेक्स स्टाउट या अमेरिकन कादंबरीकाराने १९३४ ते १९७५ या काळात नीरो वुल्फ या डिटेक्टिव्हावर ३३ कादंबऱ्या आणि ४० च्या आसपास दीर्घकथा लिहिल्या. या मालेचे निष्ठावंत वाचक ही पुस्तके एकदा वाचून थांबत नाहीत; खुनी ठाऊक असताना ती दुसऱ्यांदा वाचतात, पाचव्यांदा वाचतात. त्यांच्यापैकी एखाद्याशी बोलून पाहावे. अमुक कादंबरीत खून कोणी केला हे त्याला पुष्कळदा आठवत नाही; त्या दिवशी वुल्फच्या घरी जेवायला काय होते हे मात्र अचूक आठवते. हा निव्वळ छंदिष्टपणा म्हणून सोडून द्यावयाचा, की येथे कोड्याहून वेगळी अशी काही वाङ्मयीन वस्तू आहे असे समजून तिचे स्वरूप न्याहाळावयाचे? प्रस्तुत लेखात दुसरा मार्ग धरला आहे.

नीरो वुल्फ हा 'आरामखुर्चीतला डिटेक्टिव्ह' आहे, म्हणजे घटनास्थळी न जाता बसल्या जागी गुन्ह्याचा उलगडा करणारा. ही जात स्टाउटने निर्माण केलेली नाही. न्यूयॉर्कमधील मेरी रॉजर्स या तरुणीचे प्रेत १८४१ साली हडसन नदीत सापडले. एडगर ॲलन पो याने ते प्रकरण कथेत पॅरिसला नेले आणि 'द मिस्टरी ऑफ मारी रोजे' या १८४२-४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत आपल्या द्यूपँला वर्तमानपत्रांतील मजकूर पुढे ठेवून विचार करायला बसवले. कॉनन डॉइलच्या 'द ग्रीक इंटरप्रीटर' (१८९३) या कथेत शेरलॉक होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट भेटतो. बुद्धीने तो होम्सहून वरचढ, पण खुर्चीतून उठण्याचा त्याला कंटाळा. बॅरोनेस ऑर्त्झी हिने १९०१ पासून लंडनच्या एका मासिकात चहाच्या दुकानातला कोपरा धरून बसणारा म्हातारा रंगवला. हा म्हातारा हातातल्या दोरीला गाठी मारीत एका तरुण वार्ताहर स्त्रीला पोलिसांना न सुटलेली प्रकरणे उलगडून सांगतो. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पलही 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' (१९३२) मध्ये विणकाम करता करता इतरांनी सांगितलेल्या हकीकतींची उत्तरे देते.

या सर्वांत समान असे काय आहे? आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत ते नेमकेपणाने सांगता येते. होम्स भिंग घेऊन गालिच्यावर गुडघे टेकतो. त्याचे अनुमान प्रत्यक्षावर उभे असते. पर्वतावरचा धूर त्याने स्वतः पाहिलेला असतो. आरामखुर्चीतल्या डिटेक्टिव्हाला हे भाग्य नाही. धूर पाहिला असे कोणीतरी त्याला येऊन सांगतो, आणि हा सांगणारा खोटारडा असू शकतो, भोळा असू शकतो, किंवा धुके आणि धूर यांत गल्लत करणारा असू शकतो. म्हणजे या डिटेक्टिव्हाजवळ अनुमानाच्या आधी एकच प्रमाण उरते, ते शब्दप्रमाण. आणि शब्दाचे प्रामाण्य तर आपल्या शास्त्राने बोलणारा आप्त आहे की नाही यावर टेकवलेले आहे. आरामखुर्चीतील डिटेक्टिव्हाची कथा ही, तत्त्वतः तरी, शब्दाच्या विश्वासार्हतेची कथा असते. कोणाच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवावा, हा तिचा विषय.

तत्त्वतः असे म्हटले, याला कारण आहे. स्टाउटच्या आधीच्या लेखकांना हा विषय सापडला, पण त्यातून जिवंत कथा फारशी साधली नाही. पोची उपरोक्त कथा वाचताना आपण कथा वाचत नसून वर्तमानपत्री मजकुराचे खंडनमंडन वाचतो आहोत असे वाटत राहते. शिवाय मूळ प्रकरणाविषयी नवी माहिती बाहेर आल्यावर १८४५ साली ती संग्रहात घेताना त्याला तिच्यात फेरफार करावे लागले. खुर्चीतल्या अनुमानाचा दुबळेपणा यातच दिसून येतो. ऑर्त्झीचा म्हातारा हकीकतही स्वतःच सांगतो आणि उत्तरही स्वतःच देतो. सांगणारा आणि पारखणारा एकच असल्यामुळे पारख अशी होतच नाही. समोरची बाई ऐकून घेते, एवढेच. घडलेले सारे भूतकाळात, आणि वर्तमानकाळात फक्त दोरी व तिच्या गाठी. अशा रचनेत नाट्य यावे कोठून?

स्टाउटने काय केले हे आता पाहू. त्याचा जन्म १८८६ साली इंडियाना राज्यातला, घराणे क्वेकर पंथाचे. तरुणपणी त्याने अमेरिकन नौदलात अध्यक्षांच्या नौकेवर कारकुनी केली, पुढे शाळकरी मुलांच्या बचतीची एक योजना चालवून बऱ्यापैकी पैसा मिळवला, आणि त्या पैशाच्या बळावर तो 'खऱ्या' कादंबरीकडे वळला. 'हाउ लाइक अ गॉड' (१९२९) या त्याच्या कादंबरीतील बराचसा भाग द्वितीय पुरुषी निवेदनात आहे. हातात पिस्तूल घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला त्याचे आयुष्य 'तू असे केलेस, तू तसे केलेस' असे ऐकवले जाते. प्रायोगिक कादंबरीचे रीतसर शिक्षण घेतलेला हा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी 'फेर-द-लान्स' (१९३४) ही रहस्यकथा लिहून बसला आणि मग त्या वाटेवरून फारसा परतला नाही. याला कोणी अधःपात म्हणेल. मला असे वाटते की निवेदन कोणाच्या तोंडी द्यावे, हा जो प्रश्न त्याला पहिल्या कादंबऱ्यांत छळत होता त्याचे समाधानकारक उत्तर त्याला रहस्यकथेतच मिळाले.

ते उत्तर म्हणजे आर्ची गुडविन. स्टाउटने डिटेक्टिव्हाचे दोन तुकडे केले. एक खुर्चीत बसतो, दुसरा हिंडतो. वुल्फ हा वजनाने एक टनाचा सातवा हिस्सा, माँटेनेग्रोत जन्मलेला, न्यूयॉर्कच्या पश्चिम पस्तिसाव्या रस्त्यावरील स्वतःच्या घरातून कामासाठी बाहेर न पडण्याचा निश्चय केलेला. आर्ची हा ओहायोतून आलेला, चपळ, वाचाळ, दूध पिणारा आणि नृत्यागारात रमणारा तरुण. तो शहरभर फिरतो, माणसांना भेटतो, आणि परत येऊन वुल्फला सारे सांगतो. येथपर्यंत यात नवे काही नाही. होम्सलाही वॉटसन होता. नवे आहे ते या सांगण्याच्या स्वरूपात. आर्चीने ऐकलेले संभाषण तो शब्दशः सांगू शकतो, मग ते तासाभराचे का असेना. वुल्फ डोळे मिटून खुर्चीत रेलतो, आणि आर्ची एकेक वाक्य, सांगणाऱ्याच्या अडखळण्यासकट, त्याच्यापुढे ठेवतो. त्यात स्वतःचे मत मिसळत नाही. मत विचारले तर वेगळे देतो.

वॉटसनचे काम वाचकाला सांगण्याचे. होम्सला त्याच्या सांगण्याची फारशी गरज नसते. आर्चीचे सांगणे ही मात्र वुल्फची एकमेव खिडकी आहे. साक्षीदार खोटे बोलतील, पोलीस लपवतील, अशील अर्धेच सांगतील. पण आर्चीचे शब्द बदललेले नसतील, या एका भरवशावर वुल्फची सारी विचारशक्ती उभी असते. आर्ची हा त्याचा आप्त, शास्त्रातल्या अर्थाने आणि व्यवहारातल्याही. आणि गंमत अशी की जो आर्ची वुल्फला तोंडी अहवाल देतो तोच आपल्याला पुस्तक लिहून सांगतो. म्हणून वाचकाची आणि वुल्फची जागा एकच होते. आपणही खुर्चीतच बसलेले असतो, आणि आपल्यालाही आर्चीच्या शब्दाखेरीज दुसरे प्रमाण नसते. एवढा साधा जोड स्टाउटच्या आधी कोणी दिला नव्हता. तो दिल्याबरोबर या प्रकारातील जुनी निर्जीवता गेली, कारण आता सांगणे हीच घटना झाली.

या सांगण्याचा पोतही पाहण्यासारखा आहे. आर्चीची इंग्रजी बोलीभाषेच्या अंगाने जाणारी, खट्याळ, स्वतःवर हसणारी. वुल्फची कोशातून तोलून काढलेली. एका खोलीत दोन भाषा नांदतात आणि पुस्तकाचा खरा संघर्ष त्यांच्यातच चालतो. जाक बार्झन या चोखंदळ समीक्षकाने आर्चीची गणना अमेरिकेच्या लोकनायकांत केली, ती यामुळेच. वुल्फची शब्दनिष्ठा तर वेडाच्या सीमेवरची. 'गॅम्बिट' (१९६२) या कादंबरीच्या आरंभी तो वेब्स्टरच्या नव्या कोशाची पाने फाडून शेगडीत जाळताना दिसतो, कारण सूचित करणे आणि अनुमान काढणे या अर्थांच्या दोन इंग्रजी क्रियापदांतील भेद त्या कोशाने पुसू दिला. प्रसंग विनोदी आहे खरा. पण शब्दावरच ज्याचे पोट चालते त्या माणसाला बोलणाऱ्याने काय सुचवले आणि ऐकणाऱ्याने काय ताडले यांतला फरक नाहीसा होणे म्हणजे हत्यार बोथट होणे होय.

वर केलेल्या विवेचनाचा खरा पुरावा 'प्लॉट इट युअरसेल्फ' (१९५९) ही कादंबरी होय. आमच्यासारख्या वाचकांनी या मालेचा आरंभ तिथून केला तरी चालेल. तिचा विषय वाङ्मयचौर्य. यशस्वी लेखकांवर एकामागून एक चोरीचे आरोप येत आहेत. आरोप करणारे वेगवेगळे, पण पद्धत एकच. प्रसिद्ध कादंबरीशी जुळणारे कथानक असलेले एक जुने हस्तलिखित कोठेतरी सापडते आणि लेखकाला किंवा प्रकाशकाला पैसे मोजून मिटवावे लागते. लेखक व प्रकाशक यांची संयुक्त समिती वुल्फकडे येते. वुल्फ काय करतो? तो ती हस्तलिखिते मागवून वाचतो. वाचून झाल्यावर सांगतो की वेगवेगळ्या माणसांनी आपली म्हणून पुढे केलेली ही हस्तलिखिते एकाच हाताने लिहिलेली आहेत. शब्दांची निवड, वाक्यांची ठेवण, आणि सर्वांत अधिक परिच्छेदांची पाडणी यांवरून तो हे ठरवतो. लेखक आपली शब्दकळा बदलू शकेल, वाक्यरचनाही बदलेल. परंतु परिच्छेद कोठे तोडावा ही सवय त्याच्या इतक्या खोलवर असते की ती त्याला झाकता येत नाही, असा त्याचा सिद्धान्त आहे.

शैलीविचारावरील अनेक जाडजूड प्रबंधांत परिच्छेदाविषयी एवढे मर्मग्राही निरीक्षण मला आढळलेले नाही. येथे डिटेक्टिव्ह आणि समीक्षक यांच्यातला पडदा पूर्णपणे गळून पडतो. संहिता पुढे आहे, लेखक अदृश्य आहे, आणि संहितेतूनच त्याला शोधावयाचे आहे. मात्र स्टाउट येथेच थांबला असता तर ती एक चतुर कल्पना झाली असती. या शोधाने गुन्हेगार सावध होतो आणि ज्यांच्या नावावर ती हस्तलिखिते होती ते एकामागून एक मारले जातात. आपल्या वाचनाने माणसे मेली या जाणिवेने वुल्फ इतका संतापतो की खुनी सापडेपर्यंत मांस आणि बीअर वर्ज्य करण्याची शपथ घेतो. खाण्यापिण्यावर इतके प्रेम करणाऱ्याची ही शपथ हास्यास्पद वाटू शकेल. प्रत्यक्षात ती वाचताना हसू येत नाही. निर्णय देणाऱ्याने परिणामाची जबाबदारी घ्यावी, ही गोष्ट टीकाकारांच्या जगात तरी नित्य दिसणारी नाही. (याच कादंबरीच्या आरंभी आर्चीने वुल्फ वाचीत असलेल्या पुस्तकांची चार प्रतींत वर्गवारी केली आहे. बीअर मागवण्याआधी पुस्तक उचलले की नंतर, आणि खूण म्हणून सोन्याची पट्टी घातली की पानाचा कोपरा दुमडला, यावरून ती प्रत ठरते. मूल्यमापनाच्या आपल्या कित्येक कसोट्यांहून ही अधिक प्रामाणिक आहे.)

आता या मालेवरील सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळले पाहिजे. एडमंड विल्सनने १९४४ साली 'न्यू यॉर्कर' मध्ये लोक डिटेक्टिव्ह कथा का वाचतात असा प्रश्न करणारा लेख लिहिला, आणि त्यात पहिला बळी घेतला तो स्टाउटचाच. ही पुस्तके म्हणजे डॉइलची फिकी नक्कल आहे, आणि एवढी पाने वाचून शेवटी हाती पडणारे रहस्य श्रमाच्या मानाने क्षुद्र असते, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. हा आक्षेप कोड्यापुरता बरोबर आहे हे कबूल केले पाहिजे. स्टाउटची कथानके पुष्कळदा सैल असतात. उलगडा तर्काने होण्याऐवजी सर्व संशयितांना कचेरीत गोळा करून टाकलेल्या एखाद्या हुलीने होतो. आणि वुल्फ आपल्या इतर साहाय्यकांकडून, विशेषतः सॉल पँझरकडून, काही कामे आर्चीला न सांगता करवून घेतो. परिणामी ऐन मोक्याचा दुवा वाचकापासून लपतो. आर्चीच्या शब्दावर उभ्या असलेल्या रचनेत ही लबाडी विशेष खुपते. पण विल्सनने मोजकी पुस्तके उचलून प्रत्येकाला स्वतंत्र कलाकृतीचे माप लावले, आणि या मालेचा घटक एकेक पुस्तक नव्हे हे त्याच्या ध्यानी आले नाही.

आपल्या टीकेचीही येथेच अडचण होते. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये कलाकृतीचा विचार लयबद्ध संघटना म्हणून केला, आणि तेव्हापासून कलाकृती म्हटले की आदि-मध्य-अंत असलेली, स्वतःत पुरी झालेली एक आकृती आपल्या डोळ्यांपुढे येते. सत्तरांहून अधिक कथानकांची, चाळीस वर्षे चाललेली, कोठूनही सुरू करता येणारी माला या कल्पनेत बसत नाही. अशी माला हाती येते तीही मधूनच. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून कागदी वेष्टनातली एखादी सुटी प्रत निघते, तिच्यातली माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत असतात, आणि आपण त्यांच्या घरात उशिरा आलेले पाहुणे असतो. स्टाउटच्या बाबतीत विशेष हे की पहिलीच कादंबरी वाचतानाही असेच वाटते. आर्ची वुल्फच्या घरी मुरलेला आहे, जुन्या प्रकरणांचे उल्लेख येतात, आणि बीअरवरील बंदी उठत असल्यामुळे वुल्फ बाजारात मिळणाऱ्या छापांची एकेक बाटली मागवून चव घेत बसला आहे. माला मधूनच सुरू होते, कारण तिला आरंभ नकोच आहे.

मग तिची लय कशात आहे? ती त्या घराच्या दिनक्रमात आहे. सकाळी ९ ते ११ आणि दुपारी ४ ते ६ वुल्फ गच्चीवरच्या काचघरात आपल्या दहा हजार ऑर्किडांपाशी असतो; आभाळ कोसळले तरी खाली येत नाही. जेवताना धंद्याविषयी बोलावयाचे नाही. फ्रिट्झ ब्रेनर स्वयंपाक करतो, आणि त्याच्याशी मिरी-मसाल्यावरून होणारे मतभेद खुनाइतक्याच गांभीर्याने होतात. अशिलासाठी तांबड्या चामड्याची खुर्ची, इतरांसाठी पिवळ्या. इन्स्पेक्टर क्रेमर येतो, आरडाओरडा करतो, न पेटवलेला सिगार टोपलीत फेकतो आणि निघून जातो. हे सारे प्रत्येक पुस्तकात पुन्हा येते, ओवीच्या चरणासारखे. या पुनरावृत्तीच्या पार्श्वभूमीवर जराशी चूक झाली तरी ती भूकंपासारखी वाटते. वुल्फ चारनंतर काचघरात गेला नाही, एवढ्या एका वाक्याने वाचक सावरून बसतो. एका पुस्तकात हा परिणाम निर्माण करता येणार नाही. त्यासाठी आधी दहा पुस्तके वाचलेली असावी लागतात. (स्टाउट तपशिलाच्या बाबतीत मात्र बेफिकीर होता. त्या घराचा क्रमांक पुस्तकागणिक बदलतो, आणि त्यातील काही क्रमांक खऱ्या नकाशावर पाहू गेल्यास थेट हडसन नदीत पडतात.)

या घरातील माणसांची वये वाढत नाहीत, बाहेरचा काळ मात्र चालत राहतो. मंदी, महायुद्ध, मॅकार्थीचा काळ, निक्सनचे वॉटरगेट हे सारे दाराबाहेरून जाते. ही निव्वळ सोय आहे असे पुष्कळांना वाटते, आणि बहुतेक मालांत ती सोयच असते. स्टाउटने मात्र तिचा एकदा असा उपयोग केला की ज्याची बरोबरी मला दुसऱ्या कोणत्या रहस्यमालेत आढळलेली नाही. 'टू मेनी कुक्स' (१९३८) मध्ये वुल्फ जगातल्या नामांकित आचाऱ्यांच्या मेळाव्यासाठी वेस्ट व्हर्जिनियातील एका विहारस्थानी जातो. तेथे खून होतो. स्थानिक शेरीफ काळ्या नोकरांना दमदाटी करून पाहतो, काही हाती लागत नाही. वुल्फ त्यांना रात्री आपल्या खोलीत बोलावतो, पाहुण्यांसारखे बसवतो, आणि समाजात माणसे एकमेकांना काय देणे लागतात याविषयी त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. शेवटी पॉल व्हिपल नावाचा एक विद्यार्थी आपण पाहिलेले सांगतो. प्रसंग शब्दप्रमाणाचाच आहे. ज्याच्या शब्दाला त्या प्रदेशात किंमत नाही त्याला आधी शब्दाचा अधिकार द्यावा लागतो, मगच त्याच्याकडून सत्य मिळते. याच पुस्तकातील आर्चीच्या तोंडचे काळ्यांविषयीचे शब्द आज वाचवत नाहीत, हेही येथेच नोंदवले पाहिजे.

छब्बीस वर्षांनी, 'अ राइट टु डाय' (१९६४) मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा एक पन्नाशीकडे झुकलेला काळा गृहस्थ तांबड्या खुर्चीत येऊन बसतो आणि वुल्फला त्याचेच जुने भाषण ऐकवतो. तो पॉल व्हिपल आहे. त्याला आता तरुण मुलगा आहे, आणि त्या मुलाचे एका गोऱ्या मुलीशी लग्न ठरते आहे. पुढे त्या मुलीचा खून होतो व संशय मुलावर येतो. वुल्फ आणि आर्ची १९३८ साली होते तेवढ्याच वयाचे. समोरच्या माणसाचे मात्र अर्धे आयुष्य झालेले. दिलेला शब्द वसूल करायला काळ स्वतः दाराशी आला आहे, असे ते दृश्य आहे. दोन स्वतंत्र कादंबऱ्यांच्या मधल्या छब्बीस वर्षांच्या मोकळ्या जागेत हा अर्थ राहतो, दोहोंपैकी कोणत्याही एकीत नाही. विल्सनच्या मापाने तो मोजता येणार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र ही माला कृपण आहे. वुल्फची स्त्रियांविषयीची तिटकाऱ्याची भूमिका स्टाउटने विनोदासाठी घेतली आणि मग ती सुटेना; आर्ची प्रत्येक स्त्रीला आधी डोळ्यांनी मोजतो आणि नंतर तिचे बोलणे ऐकतो. ज्या कथेचा धर्मच ऐकणे हा आहे तिच्यात हा दोष बाहेरचा म्हणून सोडून देता येत नाही. लिली रोवन हा काय तो अपवाद, आणि 'द डोअरबेल रँग' (१९६५) मधली ती श्रीमंत विधवा, जी फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनवर टीका करणाऱ्या पुस्तकाच्या दहा हजार प्रती विकत घेऊन देशभर वाटते. ते पुस्तक खरोखरीचे होते आणि एडगर हूव्हर तेव्हा त्या खात्यावर पक्की मांड ठोकून बसला होता. त्या काळी अशी कथा छापण्याला धैर्य लागत होते.

घराचे नियम मोडणारी पुस्तकेही वर सांगितलेल्या गोष्टीचीच साक्ष देतात. 'द ब्लॅक माउंटन' (१९५४) मध्ये जिवलग मित्राच्या खुनाचा छडा लावण्यासाठी वुल्फ थेट माँटेनेग्रोच्या डोंगरांत जातो. तेथली संभाषणे त्याच्या मातृभाषेत चालतात, आणि आर्चीला तिचा गंध नाही. म्हणून आरंभीच आर्ची बजावतो की यातले बोलणे वुल्फने मागाहून सांगितले तसे मी दिले आहे. आप्ताची जागा उलटली. आता वुल्फच्या शब्दावर आर्चीला विसंबावे लागते. साहसाने भरलेली ही कादंबरी मालेतील सर्वांत कमी जिवंत कादंबऱ्यांपैकी एक आहे, याचे कारण मला तरी एवढेच दिसते. उलट 'अ फॅमिली अफेअर' (१९७५) ही स्टाउटने मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध केलेली अखेरची कादंबरी घराच्या आत घडते. ज्या थोड्या माणसांच्या शब्दावर ही माला चाळीस वर्षे विसंबून होती, त्यांच्यापैकीच एकजण गुन्हेगार निघतो. तो कोण हे येथे सांगत नाही. एवढेच म्हणतो की मालेतली इतर पुस्तके न वाचलेल्या माणसाला हे रहस्य फिके वाटेल, आणि वाचलेल्याला ते सहन होणे कठीण जाईल.

आपल्याकडे या जातीची कथा रुजली नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांना खुर्चीत बसणे ठाऊक नव्हते. मराठी वाचकाने रहस्यकथेकडून धावपळ मागितली आणि ती त्याला भरपूर मिळाली. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्शी वुल्फहून दोन वर्षांनी वडील. १९५२ पासून शरदिंदूंचे वास्तव्य पुण्यास होते आणि ब्योमकेशच्या उत्तरकाळातल्या कथा त्यांनी तेथेच लिहिल्या, हे आपल्यातील कित्येकांच्या गावीही नसते. ब्योमकेशचा निवेदक अजित हाही लेखक आहे. पण शेवटच्या काही कथांत शरदिंदूंनी त्याला निवेदनाच्या कामातून मोकळे केले, आणि ब्योमकेश त्यानंतरही उभा राहिला. आर्चीला असे बाजूला करून पाहावे. वुल्फचे एक पानही लिहिता येणार नाही.

या मालेचा मराठी अनुवाद कोणी हाती घेतला तर त्याची परीक्षा पहिल्याच वाक्यात होईल. आर्ची समोरासमोर त्याला 'मिस्टर वुल्फ' म्हणतो, निवेदनात नुसते 'वुल्फ'. इंग्रजीत हा भेद एका उपपदाने भागतो, मराठीत तो प्रत्येक क्रियापदात उतरतो. 'वुल्फ म्हणाला' असे लिहिले तर आर्चीचा आदर जातो. 'वुल्फ म्हणाले' असे लिहिले तर त्याची टवाळी जाते. आणि वुल्फ त्याला एकांतात 'आर्ची' व परक्यांसमोर 'मिस्टर गुडविन' म्हणतो, तेव्हा 'तू' वरून 'तुम्ही' वर जायचे की नाही? मला वाटते निवेदनात एकेरी आणि संवादात 'साहेब' हाच मार्ग बरा. पण 'प्लॉट इट युअरसेल्फ' मध्ये वुल्फ शपथ घेतो त्या परिच्छेदाशी आर्चीने कोणते क्रियापद वापरावे, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.